आमच्या पुस्तिकेला चकचकीत कव्हर नको म्हणणारे कोण?

'कव्हर चकचकीत कशाला हवे? आशय महत्त्वाचा. साध्या रंगीत कागदावर छापा, दोन पिना मारा आणि वाटा.' ६ डिसेंबर जवळ आला की हा सल्ला आम्हाला हमखास मिळतो. सल्ला देणारे बहुतेक पुरोगामी असतात, काही आपलेच असतात, आणि जवळजवळ सगळ्यांच्या घरातली स्वतःची पुस्तके गुळगुळीत, लॅमिनेशन केलेल्या मुखपृष्ठांची असतात. साधेपणा फक्त आमच्या पुस्तिकांना शोभतो, असा त्यांचा समज दिसतो.

दुसरा सल्ला बाजार देतो. शे-दोनशे प्रतींसाठी लेसर प्रिंटरवर चालणारा जाड, गुळगुळीत कागद मागायला जा. दुकानदार दहा-वीस तावांचे रंगीबेरंगी पाकीट पुढे टाकतो आणि अशी किंमत सांगतो की वीस रुपयांच्या पुस्तिकेचा अर्धा हिशोब कव्हरातच संपतो. 'एवढ्या कमी नगांना हेच मिळेल,' असे वर ऐकवतो.

हे दोन्ही सल्ले आम्ही नाकारतो. चांगले कव्हर आम्हाला हवे आहे आणि ते परवडू शकते. ते आज परवडत नाही, कारण आपण कागद सुटा विकत घेतो आणि एकेकटे विकत घेतो.

साधेपणा कोणी कोणाला शिकवायचा?

मनुस्मृतीने चांडाळांसाठी प्रेतावरची वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिली. म्हणजे त्यांनी कसे दिसावे, हेसुद्धा धर्माने ठरवून दिले होते. ही फक्त जुन्या पोथीतली गोष्ट नाही. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी इंदूर जिल्ह्यातल्या बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ सालच्या त्या बातमीनुसार गावोगावच्या सवर्णांनी बलाईंना हुकूम काढला की त्यांनी जरीकाठी पागोटे बांधू नये आणि रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, हेही त्यात होते. धोतराच्या काठाने कोणाचे काय बिघडत होते? काहीही नाही. पण काठामुळे माणूस बरोबरीचा दिसतो आणि तेच त्यांना नको होते.

म्हणूनच १९२७ साली महाडला बाबासाहेब आपल्या बायाबापड्यांशी बोलले तेव्हा राहणी, लुगडे नेसण्याची पद्धत, स्वच्छता हे विषय त्यांनी क्षुल्लक मानले नाहीत. स्वतः त्यांनी कोट, टाय आणि बूट घातले. ज्याच्याकडे सगळे आहे त्याने पंचा नेसला तर तो त्याग म्हणवतो. ज्याला पंचाच सक्तीचा होता, त्याला त्यात त्याग दिसण्याचे कारण नाही.

पुस्तिकेचे कव्हर हा आमच्या धोतराचा काठ आहे. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकचा कागद अंथरून आमची पुस्तके मांडली जातात. समोरून माणसांचा लोंढा जात असतो. त्यातली एखादी आई मुलीसाठी पुस्तक उचलते तेव्हा आधी तिच्या हाताला कव्हर लागते. साध्या जाड कागदावर छापलेला निळा रंग मळकट, राखाडी दिसतो. धुळीचा हात लागला की डाग पडतो आणि दवात कोपरे फुगतात. गुळगुळीत लेप असलेल्या कार्डावर तोच निळा खुलून दिसतो आणि धूळ फडक्याने पुसता येते. ती पुस्तिका घरात फोटोशेजारी ठेवली जाते, तिचा वरणाच्या पातेल्याखाली ठेवायला उपयोग होत नाही. वीस रुपये मोजणाऱ्या माणसाचा तेवढा मान आम्ही राखायचा नाही का?

कागद नव्हता म्हणून काय काय थांबले

कागद आणि छपाई हा चळवळीच्या इतिहासातला दुय्यम विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी तो इतिहास पुन्हा वाचावा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले ते शाहू महाराजांनी दिलेल्या २,५०० रुपयांच्या बळावर. पैसे मोजूनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि १९२९ मध्ये तेही थांबले. पत्र चालवण्याचे ऋण वाचकांवरही आहे, याची आठवण बाबासाहेबांना १९२८ साली अग्रलेख लिहून करून द्यावी लागली. लिहिण्यासारखे संपले म्हणून यातले एकही पत्र बंद पडले नाही. चळवळीचा स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा राहिला, पुढे तो बुद्ध भूषण झाला. छापखाना दुसऱ्याचा असेल तर शब्दही दुसऱ्याच्या मर्जीवर राहतात, हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणाला घाबरून अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण छापून विक्रीला ठेवले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ काढून घेतले तरी पुस्तिका काढून घेता आली नाही. आज जगभर वाचला जाणारा हा ग्रंथ जन्माला आला तेव्हा त्याची आवृत्ती आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मंडळाला झेपेल एवढीच होती.

आणि सरकारच्या भरवशावर राहिलो तर काय होते, तेही पाहू. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासन १९७९ पासून खंडरूपाने प्रकाशित करते. २०२१ साली बातमी आली की नऊ लाख प्रती छापण्याचे ठरले, ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागदही घेतला गेला, पण चार वर्षांत छापल्या गेल्या फक्त ३३ हजार प्रती. कागद गोदामात पडून. त्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने या बातमीची स्वतःहून दखल घेतली. कोट्यवधींचा कागद ज्यांच्याकडे आहे त्यांना छापायचे नाही, आणि ज्यांना छापायचे आहे ते पन्नास तावांसाठी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत उभे आहेत. महाराष्ट्राच्या कागदाचे राजकारण ते हे!

बाजार आपल्याला काय सांगत नाही

आता कामाचे बोलू. या व्यवहारात आपण फसतो ते माहिती नसल्यामुळे, आणि माहिती आपल्यापासून दूर ठेवणे ही या देशातली फार जुनी रीत आहे.

पहिली गोष्ट. दुकानात 'ग्लॉसी फोटो पेपर' म्हणून जे मिळते ते बहुधा इंकजेट प्रिंटरसाठी असते. इंकजेट शाई फवारतो, म्हणून त्या कागदावर शाई पिणारा थर असतो आणि पुष्कळदा खाली प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो. लेसर प्रिंटरचे काम उलटे आहे. तो टोनरची भुकटी कागदावर टाकतो आणि फ्यूजर नावाच्या तापलेल्या रुळाखालून कागद नेऊन ती भुकटी वितळवून चिकटवतो. तिथली उष्णता २०० अंशांच्या आसपास जाते. इंकजेटचा चकचकीत कागद तिथे गेला की त्याचा लेप वितळून रुळाला चिकटतो. 'लेसरला चालतो' असे सांगून असे पाकीट एका अभ्यासवर्गाच्या मुलांच्या गळ्यात मारले गेले आणि वर्गणीतून घेतलेल्या प्रिंटरचा फ्यूजर गेला. दुकानदाराने ना पाकीट परत घेतले, ना शब्द.

दुसरी गोष्ट. आपल्याला जे हवे त्याला कागदाच्या व्यापारात आर्ट कार्ड म्हणतात. त्यावर चिनी माती किंवा चुनखडीच्या बारीक भुकटीचा घोटलेला लेप असतो. तो उष्णतेने वितळत नाही. हाच लेप पातळ कागदावर असेल तर तो आर्ट पेपर. दोन्ही बाजूंना लेप असलेले आणि एकाच बाजूला लेप असलेले, असे दोन प्रकार मिळतात. ज्या कव्हराच्या आतल्या बाजूला काही छापायचे नाही त्याला एकाच बाजूचा लेप पुरतो. हा माल काही परदेशातूनच यावा लागतो असेही नाही. पुणे जिल्ह्यात भिगवणला लेप असलेल्या कागदाची मोठी गिरणी उभी राहिली, तिला आता कित्येक वर्षे झाली.

तिसरी गोष्ट जाडीची. कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरच्या वजनात मोजतात. '३०० घ्या, भारी दिसते,' असे दुकानदार म्हणतो. ३०० ची जाडी लग्नपत्रिकेला ठीक आहे. ऑफिसात किंवा विहारात असतात ते पुष्कळ लेसर प्रिंटर १६० ते २२० च्या पुढचा कागद ओढत नाहीत. बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस पानी पुस्तिकेला १७० चा आर्ट पेपर किंवा २२० चे आर्ट कार्ड पुरेसे होते. ३०० ऐवजी २२० घेतले की वजन चौथ्या हिश्शाहून जास्त घटते आणि कागद किलोवर विकला जात असल्याने पैसेही तेवढेच घटतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, की कागद किलोवर विकला जातो. घाऊक व्यापारी पाकिटाचा भाव सांगतो, पण त्यामागे हिशोब किलोचाच असतो. आपण ए-४ च्या सुट्या पाकिटाची किंमत मोजतो तेव्हा कागदाबरोबर कटिंग, छापील वेष्टण आणि चार हातांचा नफा यांचेही पैसे देतो.

हिशोब मांडू

ए-५ आकाराच्या पुस्तिकेचे कव्हर उघडले की ए-४ होते. म्हणजे एक ए-४ ताव, एक कव्हर. २५ × ३६ इंचाच्या मोठ्या तावातून ए-४ चे आठ तुकडे निघतात. २२० जीएसएमच्या अशा शंभर तावांचे वजन होते पावणेतेरा किलोच्या आसपास. त्यातून ८०० कव्हरे. हिशोबाला सोपे म्हणून शंभर रुपये किलो धरा. एका कव्हराला एक रुपया साठ पैसे पडतात, कर मिळवला तरी दोन रुपयांच्या आत. कटिंगवाल्याची मजुरी वेगळी, पण गठ्ठा एकदाच कापायचा असल्याने ती ८०० कव्हरांवर वाटली जाते. तुमच्या गावातला भाव शंभर नसेल, ऐंशी असेल किंवा सव्वाशे असेल. तो आकडा घालून हिशोब पुन्हा करा, मग दुकानातल्या पाकिटाची किंमत आतल्या तावांनी भागा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. आम्हाला पुढे काही सांगावे लागणार नाही.

'पण आम्हाला दोनशेच प्रती काढायच्या आहेत, आठशे कव्हरे घेऊन काय करू?' प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर त्यातच आहे. दोनशेवाली चार मंडळे एकत्र या. एका तालुक्यात चार विहार नाहीत? चार अभ्यासवर्ग, चार कर्मचारी संघटना, चार वाचनालये नाहीत? जयंतीच्या मिरवणुकीसाठी वर्गणी गोळा करणारी आपली यंत्रणा गल्लीगल्लीत आहे. तिने वर्षातून एकदा पावणेतेरा किलो कागद घ्यायचा आहे, एवढेच.

घेताना काही गोष्टी सांभाळा. कागदातल्या तंतूंना दिशा असते, छापखान्यात तिला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनच्या दिशेने आली तर स्वच्छ बसते, आडवी आली तर लेप तडकतो आणि कव्हराच्या पाठीवर पांढरी भेग दिसते. वरच्या मापात ३६ इंचाच्या बाजूने ग्रेन असलेला ताव मागा. घडी घालण्याआधी क्रीजिंग करून घ्या. कापलेला गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा आणि लागतील तेवढेच ताव बाहेर काढा. विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात हे विसरू नका, कारण ओल धरलेले कार्ड फ्यूजरखाली फोडासारखे फुगते.

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'हेवी ग्लॉसी' किंवा 'कार्डस्टॉक' निवडा, म्हणजे प्रिंटर टोनर चिकटायला पुरेशी उष्णता आणि वेळ देतो. मागचे झाकण उघडून कागद सरळ बाहेर पडण्याची सोय असेल तर ती वापरा. ताव हाताने, एकेक करून द्या. पहिली प्रत थंड झाली की नखाने खरवडून पाहा. टोनर निघत असेल तर सेटिंग चुकले आहे. लेसर प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही, चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडतो. म्हणून कव्हराची मांडणीच पांढऱ्या जमिनीवर करा. टोनर वाचतो आणि कार्डाची चमक दिसते. रंगीत प्रिंटर नसेल तर पांढऱ्याशुभ्र कार्डावर एकट्या काळ्या रंगातले चांगले अक्षरही देखणे दिसते.

'आता पीडीएफ पाठवा ना'

हा तिसरा सल्ला. पीडीएफ पाठवाच, आम्हीही पाठवतो. पण ती कोण वाचतो, किती पाने वाचतो आणि महिन्याभराने ती कोणाच्या फोनमध्ये सापडते, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे. अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद नोंदवायला पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाच्या हातात १९८९ च्या कायद्याची, २०१५ च्या दुरुस्तीची आणि त्याला मिळायच्या मदतीची माहिती देणारी पुस्तिका असली, तर टेबलापलीकडच्या माणसाचा सूर बदलतो. ती पुस्तिका चुरगळलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यासारखी दिसते की नीट बांधलेल्या पुस्तकासारखी, यानेही फरक पडतो. तसा तो पडायला नको होता. पण कागदपत्राच्या रुबाबावर माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आम्ही निर्माण केलेली नाही.

ऑफसेटवर छापायचे तर प्लेटचा खर्च आला, तो निघायला हजारभर प्रती हव्यात. लेसरवर पन्नास प्रतीही काढता येतात आणि कायदा बदलला, शिष्यवृत्तीची तारीख बदलली, की पुढच्या पन्नासात दुरुस्तीही होते. गावातल्या एखाद्या जुन्या सत्याग्रहीची हकिकत, एखाद्या आजीने सांगितलेली धर्मांतराची आठवण, एखाद्या प्रकरणाचा सत्यशोधन अहवाल, ही पुस्तके कोणताही मोठा प्रकाशक छापणार नाही. ती आपणच छापायची आहेत.

पैसे नाहीत, असे म्हणू नका

आपल्याकडे पैसे नाहीत हे आम्हाला मान्य नाही. चौकाचौकातले फ्लेक्स पाहा. नेत्याचा वाढदिवस, नेत्याच्या मुलाचा वाढदिवस, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, आणि कोपऱ्यात अंग चोरून उभे केलेले बाबासाहेब. आठ दिवसांत ते प्लॅस्टिक कचऱ्यात जाते किंवा कोणाच्या तरी पत्र्यावर ताडपत्री म्हणून चढते. एका रात्रीच्या डीजेचे बिल पाहा. तिथे पैसे आहेत. पुस्तिकेचे कव्हर म्हटले की मात्र 'आशय महत्त्वाचा' आठवतो. आशयाचा एवढा कळवळा असेल तर एका फ्लेक्सचे पैसे कागदाला द्या.

सरकारलाही सोडण्याचे कारण नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. पण सप्टेंबर २०२५ पासून आर्ट कार्डासारख्या कागदावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. पुस्तक करमुक्त असल्याने कागदावर भरलेला कर प्रकाशकाला परत मिळत नाही. तो मुकाट्याने पुस्तकाच्या किमतीत जातो आणि शेवटी भरतो वाचक. पुस्तकावर कर नाही, फक्त पुस्तक ज्याचे बनते त्यावर आहे! शाळेच्या वह्यांच्या कागदाला सूट देता येते, तर पुस्तकाच्या कागदाला का नाही, हा प्रश्न आपल्या मतांवर निवडून आलेल्या प्रत्येकाला विचारला पाहिजे.

मग काय करायचे?

आमचे म्हणणे चार ओळींत मावते. प्रत्येक तालुक्यात एक कागद निधी असावा, त्याचा हिशोब विहाराच्या फलकावर लागावा. सर्व मंडळांनी पुस्तिकेचे एकच माप ठरवावे, ए-५, म्हणजे एकच कागद सगळ्यांना चालेल. वर्षातून दोनदा, १४ एप्रिलच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी, एकत्र खरेदी करावी. आणि कटिंग, क्रीजिंग, प्रिंटरची सेटिंग हे काम निदान दोन मुलामुलींना शिकवून ठेवावे, म्हणजे ते एकाच कार्यकर्त्याच्या डोक्यात अडकून राहणार नाही.

यात क्रांतिकारक काहीच नाही, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. क्रांतीवर भाषणे देणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. कागदाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्यांची आहे. येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आमच्या पुस्तिका याच दोन रुपयांच्या कार्डावर येतील. हात लावून पाहा आणि मग सांगा, आमच्या माणसाच्या हातात याहून कमी काय द्यायचे ते.

जय भीम!